गाठीवरचा मार्का
कंसांच्या गावात : लेखांक १४

मागच्या लेखांकाच्या शेवटी कंटिन्युएशनचं आश्वासन देऊन मी मोकळा झालो होतो. ते पुढच्या आठवड्यावर गेलं. मध्ये एक पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा निघाला की त्याला ओलांडून पुढं जाववेना.

पत्र लिहिणारी मुलगी मुंबई विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीच्या सहाव्या सत्रात आहे, म्हणजे एसपीसीसीचा (सिस्टीम प्रोग्रॅमिंग आणि कंपायलर कन्स्ट्रक्शनचा) पेपर डोक्यावर. ती लिहिते : "सर, आमच्यासाठी मॅक्रो म्हणजे दोन पास आणि तीन तक्ते. एमएनटीत मॅक्रोचं नाव, एमडीटीत व्याख्या, एएलएत आर्ग्युमेंट्स. नाव दिसलं की व्याख्या आणून ओतायची. तुम्ही म्हणता, लिस्पच्या घराण्यात मॅक्रो मजकुरावर चालत नाही, झाडावर चालतो. पण शेवटी ओतायचंच असेल तर मजकूर काय आणि झाड काय, फरक कुठं पडला?"

प्रश्न झोंबणारा आहे. प्रोग्रॅमच्या रचनेच्या या झाडामुळे कंसांची आणि अग्रक्रमाची भांडणं मिटतात, एवढं खरं. नावांचं भांडण मात्र जसंच्या तसं राहतं. आजचा लेखांक त्या भांडणाचा.

समजा आपल्या छोट्या भाषेत 'जर' आहे, 'असूदे' आहे, 'किंवा' मात्र नाही. फंक्शन लिहून भागत नाही हे आपण आधी पाहिलंय : फंक्शनला हाक मारण्याआधी दोन्ही आर्ग्युमेंट्सची किंमत काढली जाते, आणि 'किंवा'ची सगळी गंमत पहिलं खरं निघालं तर दुसऱ्याला हातही न लावण्यात आहे. (हास्केल मुळातच आळशी, लागल्याशिवाय किंमत काढत नाही. त्यामुळे तिथं असल्या कामांना साधं फंक्शन पुरतं. मॅक्रोसारखी सोय देणारं टेम्प्लेट हास्केल आलं ते थेट २००२ मध्ये.) मग मॅक्रो करू. पहिला प्रयत्न :

(किंवा अ ब) → (जर अ अ ब)

'अ' दोनदा उतरला. 'अ'च्या जागी "खात्यातून शंभर रुपये काढ" असेल तर दोनशे जातील. म्हणून एक तात्पुरती वाटी घ्यायची :

(किंवा अ ब) → (असूदे ((ता अ)) (जर ता ता ब))

'ता' म्हणजे तात्पुरतं. आता दुसऱ्या कुणीतरी बिलांचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्याकडे 'ता' म्हणजे तारीख. गिऱ्हाइकाला मुदतवाढ मिळाली असेल तर ती धर, नाहीतर नेहमीची तारीख, असं त्याला म्हणायचंय. तो लिहितो (किंवा मुदतवाढ ता). ओतल्यावर काय झालं बघा :

(असूदे ((ता मुदतवाढ)) (जर ता ता ता))

तात्पुरत्यानं तारीख गिळली. मुदतवाढ नसलेल्या प्रत्येकाला 'खोटं' हेच उत्तर. आणि ज्यांना मुदतवाढ आहे त्यांचं बिल अगदी बरोबर येतं, म्हणून चाचणीत काही दिसत नाही. असल्याच एका दोन अक्षरी नावानं माझे दोन दिवस खाल्ले होते. ना मॅक्रोत चूक सापडे, ना तो वापरणाऱ्या ओळीत. सापडणार कशी? दोघंही आपापल्या घरात बरोबरच होते.

इथं मला आमच्या चाळीतले एक काका आठवतात. ते कापसाच्या दलालाकडे नोकरीला होते आणि कॉटन ग्रीनच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये त्यांची रोजची ये-जा. गाठ हा मधला माल, हे कंपायलरच्या मधल्या भाषेचं रूपक आपण तिसऱ्या लेखांकापासून ओढतो आहोत : शेतातला कापूस कुठलाही असो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई दाबून साधारण १७० किलोची गाठ होते, आणि पुढची गिरणी कुठलीही असो, तिला गाठ कळते. काकांनी त्यात एक भर घातली. ते नमुन्याचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे, तंतू सरळ करत करत लांबी जोखायचे, आणि म्हणायचे, "अरे, शंकर-६ हे नाव दहा गावच्या मालाला असतं. नाव कोणीही सांगेल. तू मार्का बघ." मार्का म्हणजे प्रेसची खूण. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक गाठीवर कारखान्याला नेमून दिलेला मार्का आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं केलं. नाव तेच असलं तरी माल कुठून आला ते त्या खुणेवरून कळतं.

मॅक्रोवर उपाय शोधला गेला तो नेमका हाच. गंमत म्हणजे त्याचं बीज पत्रलेखिकेच्या असेम्ब्लरच्या मुलखातलंच आहे. मॅक्रोच्या पोटात लेबल असेल आणि मॅक्रो दोनदा वापरला, तर तेच लेबल दोनदा उमटतं आणि असेम्ब्लर ओरडतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या असेम्ब्लरमध्ये यासाठी सिसएनडीएक्स नावाचं चल होतं : पहिल्या विस्ताराला ०००१, दुसऱ्याला ०००२. तो आकडा लेबलाला चिकटवला की टक्कर टळली. अट एकच, चिकटवायची आठवण मॅक्रो लिहिणाऱ्यानं ठेवायची.

लिस्पमध्ये मॅक्रो आणले टिमथी हार्ट यांनी, १९६३ मध्ये. तिथंही बरीच वर्षं हाच आठवणीचा कारभार चालला. 'जेनसिम' म्हणून कोरं करकरीत नाव मागून घ्यायचं आणि 'ता'च्या जागी ते वापरायचं. शहाणी माणसं वापरत. घाईतली माणसं विसरत.

१९८६ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या कोलबेकर, फ्रीडमन, फेलायसन आणि ड्यूबा या चौघांनी हे ओझं माणसाच्या डोक्यावरून काढलं. त्यांची पद्धत म्हणजे चक्क घड्याळ. मूळ प्रोग्रॅममधल्या प्रत्येक नावावर ० चा शिक्का. मॅक्रोचा एक विस्तार झाला की घड्याळ एक घर पुढं, आणि त्या विस्तारात नव्यानं आलेल्या नावांवर तो नवा आकडा. आपलं बिल आता असं दिसतं :

(असूदे ((ता१ मुदतवाढ०)) (जर ता१ ता१ ता०))

तात्पुरतं ता१, तारीख ता०. शेवटी बांधलेल्या नावांना वेगळी नावं देऊन शिक्के पुसून टाकायचे. याला त्यांनी स्वच्छ, म्हणजे हायजिनिक, विस्तार म्हटलं. उणं एवढंच की प्रत्येक पायरीला झाड पुन्हा पुन्हा चालून शिक्के मारावे लागत, त्यामुळे मोठ्या प्रोग्रॅमला वेळ भरमसाट लागे.

१९९२ मध्ये डिबविग, हिब आणि ब्रूगमन यांनी ते सुधारलं, आणि त्यांची युक्ती मला आजही शाळकरी पोरासारखी खूश करते. मॅक्रोत आत जाणाऱ्या सगळ्यावर एक खूण करायची. बाहेर येणाऱ्या सगळ्यावर तीच खूण पुन्हा करायची. एकाच खुणेच्या दोन छापा पडल्या की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. वापरणाऱ्याकडून आलेली 'ता' आत जाताना आणि बाहेर येताना अशी दोनदा छापली जाते, म्हणून कोरीच्या कोरी घरी परतते. मॅक्रोनं स्वतः आणलेली 'ता' फक्त बाहेर पडताना छापली जाते, म्हणून तिच्यावर खूण राहते. इंग्रजीत त्या खुणेला मार्क म्हणतात. काकांनी मान डोलावली असती.

आता पत्राचं उत्तर. तीन तक्त्यांच्या यंत्राला नाव हे फक्त अक्षरांची माळ म्हणून ठाऊक असतं. झाडावर चालणाऱ्या यंत्राकडे नावाला खूण लावायला जागा असते. फरक तिथं पडतो, आणि ती जागा वापरली नाही तर पडतही नाही.

मधल्या भाषेतही हेच चालतं. हास्केलच्या जीएचसी कंपायलरची कोअर भाषा छापून पाहिली की आपल्या साध्या नावांना अगम्य शेपट्या फुटलेल्या दिसतात. त्या शेपट्या म्हणजे मार्काच. पवईला आयआयटीत उदय खेडकर यांच्या गटानं जीसीसी या कंपायलरच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. त्या जीसीसीची मधली भाषा एसएसए रूपात पाहा : एकाच चलाला जितक्या वेळा किंमत दिली तितकी वेगळी क्रमांकित नावं. हे एसएसए रूप मुळात फंक्शनल प्रोग्रॅमिंगच आहे, असं अँड्र्यू ॲपल यांनी १९९८ मध्ये मांडलं. त्यावर एक वेगळा लेखांक होईल.

परवा कॉटन ग्रीन स्टेशनवर उतरलो तेव्हा पाटीकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो. हे नाव मूळचं इथलं नाही. आधी कापसाचे ढीग फोर्टातल्या मोकळ्या हिरवळीवर, टाऊन हॉलसमोर पडत. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला गेला, आणि नाव त्याच्यामागोमाग. विसाव्या शतकात बाजार शिवडी-माझगावच्या या बाजूला आला, तसं नावही आलं. जुन्या कागदात "कॉटन ग्रीनला माल पोचला" असं वाचलं तर आधी कागदाची तारीख बघावी लागते : कॉटन ग्रीन०, कॉटन ग्रीन१ की कॉटन ग्रीन२?

जाता जाता गृहपाठ. आज मॅक्रोच्या नावानं वापरणाऱ्याचं नाव गिळलं. आता उलटं करा : वापरणाऱ्यानं आपल्या एका चलाचं नाव 'जर' ठेवलं आणि त्याच घरात 'किंवा' वापरला, तर काय होईल? घड्याळाच्या शिक्क्यांनी सोडवून पाहा. कंटिन्युएशन पुढच्या आठवड्यात. या वेळी नक्की, पत्रं कमी आली तर.