वाफसा साधला तरच शर्यत!

पेरणीला वाफसा लागतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण मोटारसायकलच्या शर्यतीलाही वाफसा लागतो म्हटलं, तर बांधावरचा गडी हसेल. अमेरिकेत इलिनॉय, ओहायो या मका-सोयाबीनच्या राज्यांत ‘फ्लॅट ट्रॅक’ नावाची शर्यत चालते. तिचं सगळं गणित मातीच्या ओलीवर आहे.

तिकडं बहुतेक काउंटींना (आपल्या हिशेबानं तालुका समजा) स्वतःचं जत्रेचं मैदान असतं. तिथं जनावरांचं प्रदर्शन भरतं आणि घोड्यांच्या शर्यतीसाठी लांबट गोल मातीचा ट्रॅक असतो. त्याच मातीवर मोटारसायकली पळवतात. अर्ध्या मैलाचा ट्रॅक म्हणजे आपले ८०० मीटर. ओहायोतलं लिमा इथलं मैदान आणि स्प्रिंगफिल्डचा एक मैलाचा ट्रॅक ही त्यातली मानाची ठिकाणं.

गाडीला पुढचा ब्रेक नसतोच. वळणं सगळी डावीकडची. वळणावर मागचं चाक बाहेर फेकून गाडी आडवी करायची आणि डावा पाय मातीवर घासत न्यायचा. म्हणून डाव्या बुटाला पोलादी तळ बसवतात, आपण बैलाला पत्र्या मारतो तसा.

शर्यतीआधी ट्रॅकची मशागत होते, दुसरा शब्द नाही. टँकरनं पाणी मारायचं, डिस्क फिरवायची, सपाट करायचं, रोलर फिरवायचा. ओल टिकावी म्हणून काही ठिकाणी कॅल्शियम क्लोराइडही टाकतात, ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. पाणी कमी पडलं की धुरळा उठतो आणि मागच्या गड्याला पुढचं काही दिसत नाही. जास्त झालं की चिखल. बेताचं झालं तर चिकणमाती घट्ट बसते, तिच्यावर टायरचं रबर चिकटून काळा पट्टा पडतो, आणि मग जो तो त्या पट्ट्यासाठी भांडतो. लिमाची तऱ्हा वेगळी. तिथं वर बारीक खडीचा सुटा थर असतो, त्यामुळं बाहेरच्या अंगानंही गाडी काढता येते.

पळणारा एकटा दिसतो, पण त्याच्यामागं टीम असते. हौशी गड्यांची टीम म्हणजे बहुधा घरचीच माणसं. एक जण पाना धरणारा, एक जण अर्ज भरून वेळ मोजणारा. दुपारची माती संध्याकाळी राहत नाही. पहिल्या फेरीहून पोरगा आला की त्याला विचारायचं, चाक कुठं घसरतंय? मग मागचं चेन-चक्र बदलायचं, एखादा दात कमी-जास्त. टायरमधली हवाही थोडी इकडं-तिकडं. हे चुकलं तर गाडी कितीही भारी असो, अंतिम फेरी हुकते.

केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरो गावचं हेडन कुटुंब याच मातीतलं. बाप अर्ल आणि आई रोझ, दोघांनीही गाड्या पळवलेल्या. २००२ साली स्प्रिंगफिल्डच्या एका शर्यतीत पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही नंबर त्यांच्याच तीन मुलांनी घेतले. पहिला आलेला निकी २००६ साली डांबरी ट्रॅकवरचा जगज्जेता झाला. २०१७ साली इटलीत सायकल चालवताना मोटारीची धडक बसून तो गेला.

हौशी गड्याला यातून मिळतं काय? चषक, फार तर थोडी रक्कम. पाच-सहाशे किलोमीटर गाडी भरून न्यायची आणि ऐन वेळी सर आली की दिवस गेला. टायरचे आणि डिझेलचे पैसे अंगावर. पावसाचा हा जुगार आपल्याला नवा नाही. पडझड तर ठरलेलीच, कुणाचं गळ्याजवळचं हाड, कुणाचा घोटा.

आपल्याकडं पुणे, नाशिक, कोल्हापूरला मातीवरच्या मोटारसायकल शर्यती झाल्या आहेत, पण त्या उड्यांच्या, म्हणजे सुपरक्रॉसच्या. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या डिसेंबरात वाट मोकळी केली, २०२३ च्या मे महिन्यात कायदाही उचलून धरला. गावोगाव धावपट्ट्या पुन्हा तयार झाल्या. तिथं उद्या पोरांनी मोटारसायकली मागितल्या, तर सरपंच आणि ग्रामसेवकांनी आधी एक गोष्ट पाहावी.

तिकडं अँब्युलन्स मैदानात उभी असल्याशिवाय गाड्या सुटत नाहीत. ती जखमीला घेऊन गेली आणि दुसरी नसेल, तर सगळी इंजिनं बंद. परत येईपर्यंत कोणी कुरकुरत नाही. तेवढ्या वेळात टँकरवाला पाण्याची एक फेरी मारून घेतो.