बंदुकीवरच्या खुणा : घासलेली शेवंती

ली-एनफिल्ड रायफलीवरचे आकडे आज घेणार होतो. ते पुढच्या रविवारी. मधल्या आठवड्यात न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. त्यांच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ वारले. त्यांच्या पत्नीनं तळघरातली जपानी रायफल रीतसर कागद करून या वाचकाला देऊन टाकली. टाइप ९९. तिच्यावरचं शेवंतीचं फूल घासून काढलेलं आहे. तिथला एक कारागीर म्हणतो की वेल्डिंग करून धातू भरतो, वर नवं फूल कोरतो, बंदूक होती तशी करून देतो. पत्राच्या शेवटी विचारलंय, ‘द्यावी का?’

देऊ नका. एवढं उत्तर त्यांना त्याच दिवशी कळवलं. बाकीचं सगळ्यांसाठी इथे लिहितो, कारण या एका फुलापाशी गेली तीस वर्षं मी पुन्हा पुन्हा येऊन थांबलो आहे.

टाइप ९९ ही आरिसाका रायफलींपैकी एक. आरिसाका हातात घेतली की नळी जिथे रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट सामावणाऱ्या पोलादी भागात शिरते, तिथे वरच्या बाजूला सोळा पाकळ्यांची शेवंती दिसते. ते जपानच्या सम्राटाचं चिन्ह. त्याच्याखाली उभ्या ओळीत जातीचं नाव. टाइप ३८ म्हणजे मेजी राजवटीचं अडतिसावं वर्ष, १९०५. टाइप ९९ मधले नव्व्याण्णव मात्र जपानी शाही कालगणनेच्या २५९९ मधले, म्हणजे १९३९. रायफल शिपायाची नाही, सम्राटाची आहे, असं ते फूल सांगायचं.

१९४५ च्या ऑगस्टनंतर जपानी सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली तेव्हा लाखो रायफलींवरचं हे फूल घासलं गेलं. लढाई चालू असताना रणांगणावर उचललेल्या रायफलींवर ते बहुधा शाबूत सापडतं. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजली. तिथल्या खंदकातून कुणी अशी एखादी रायफल उचलली असेल, तर तिच्यावरची शेवंती बहुधा पुरी असणार. शरणागतीनंतर ढिगानं जमा झालेल्या रायफलींवर ती सहसा नसते. म्हणजे फूल आहे की नाही, एवढ्यावरूनही ती बंदूक कुठल्या वाटेनं आली याचा बराचसा अंदाज येतो.

आणि घासणंही एका तऱ्हेचं नाही. मी पाहिलेल्यांपैकी काहींवर यंत्राच्या दगडानं सपाट पट्टा पाडलेला आहे, फुलाचा मागमूस नाही. काहींवर कानस चाललेली आहे, तिरकी, घाईची. अंगठा फिरवला की एका बाजूच्या चार-पाच पाकळ्यांच्या कडा अजून लागतात. एका टाइप ३८ वर छिन्नीचे फक्त तीन घाव होते, फुलाच्या मधोमध. बाकी फूल तसंच. ते तीन घाव घालणारा माणूस कोण असेल, त्याचा हात का थांबला असेल, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण त्या घावांवर बोट ठेवलं की १९४५ चा तो दिवस जितका जवळ येतो, तितका शाबूत फुलाच्या रायफलीवर कधी आलेला नाही.

तिथे धातू भरून नवं फूल कोरणं म्हणजे तो दिवस पुसणं. एरवी हळहळ वाटली असती. इथे राग येतो, कारण हे काम ‘जीर्णोद्धार’ या नावाखाली चालतं. काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट फासतात, तेव्हाही हाच शब्द वापरतात.

यात जिवाचा धोकाही आहे, तो त्या कारागिरानं सांगितलेला दिसत नाही. फूल जिथे असतं, त्याच्या बरोबर खाली काडतूस बसतं आणि बोल्टचे खटके अडकतात ते रिसीव्हरच्या त्याच कड्यात. गोळी सुटताना सगळा दाब तिथे येतो. त्या पोलादाला कारखान्यात हिशेबानं पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की ते उतरतं. अमेरिकेतले बंदूकतज्ज्ञ पी. ओ. ॲक्ली यांनी मुद्दाम वाढता दाब देऊन निरनिराळ्या रायफली फोडून पाहिल्या होत्या. त्यात आरिसाकानं भल्याभल्यांना मागे टाकलं. अशा रिसीव्हरची ताकद शोभेसाठी घालवायची?

तिसरी गोष्ट पैशाची. शाबूत फुलाच्या रायफलीला जास्त भाव मिळतो, म्हणून नवी फुलं कोरली जातात आणि न सांगता विकली जातात. एका प्रदर्शनात मला अशी एक दाखवली गेली. फूल सुबक होतं, फार सुबक. आडवं धरून उजेडात पाहिलं तर ते किंचित खोलगट जागेत बसलेलं, म्हणजे आधी घासलेलं आणि मग त्या खळग्यात कोरलेलं. अस्सल फूल ठशानं उमटवलेलं असतं, तिथे पाकळीची रेघ दाबली गेलेली असते. इथे ती कापलेली होती. टाइप ९९ ला त्याच कड्यावर वायू बाहेर पडायला एक भोक असतं (टाइप ३८ ला दोन). त्या भोकाची कडही एका बाजूला झिजून पातळ झालेली. विकणाऱ्याला मी हे दाखवलं. तो म्हणाला, त्यालाही ती तशीच मिळाली होती. खरंही असेल. लबाडी एकानं करायची आणि पुढच्या दहा जणांनी ती प्रामाणिकपणे विकायची, असंच होतं.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो.

माझी पहिली टाइप ९९ घेतली तेव्हा मला फारसं कळत नव्हतं. दस्त्याच्या मागच्या भागात लांबीला एक सांधा दिसला. मला वाटलं, लाकूड फुटलंय आणि कुणीतरी चिकटवलंय. आरिसाकाचा दस्ता मुळातच दोन तुकड्यांचा असतो. खालचा तुकडा वेगळा जोडतात, त्यानं लाकूड वाचतं आणि दस्ता सहज चिरफाळत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. मी तो सांधा ‘नीट’ करायला बसलो. पॉलिश पेपरनं अख्खा दस्ता घासला, वरचा तांबूस, जुनाट, जागोजागी तडकलेला थर काढून टाकला आणि जवसाचं तेल चोळलं. तीन संध्याकाळी गेल्या. लाकूड झळझळीत झालं. घरातल्यांनी कौतुकही केलं.

तो थर उरुशी लाखेचा होता. जपानी कारागीर शतकानुशतकं भांड्यांना, पेट्यांना, तलवारींच्या म्यानांना देत आले, तीच. उरुशीचं झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. त्याचा कच्चा चीक लागला तर बिब्ब्यासारखंच अंग उततं, पण वाळून कडक झाला की ना पाण्याला दाद देत ना बुरशीला. बर्माच्या जंगलात ओल्या पावसात दस्ते टिकायचे ते त्यामुळे. जवसाचं तेल हा इंग्रजी रायफलीचा रिवाज. मी जपानी बंदुकीला इंग्रजी कपडे घातले. आज त्या दस्त्यावर उरुशी उरली आहे ती फक्त पुढच्या लोखंडी पट्टीखाली, बोटाएवढ्या रुंदीची. नव्या संग्राहकाला मी पट्टी सरकवून ती मुद्दाम दाखवतो.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती युद्धाच्या शेवटच्या दिवसांतल्या रायफलींची. १९४५ मधल्या टाइप ९९ पाहा. दस्त्याच्या टोकाला लोखंडी पत्र्याऐवजी खिळ्यांनी ठोकलेली लाकडाची फळी, वरखाली न होणारी साधी मागची माशी, रिसीव्हरवर हत्यारांचे ओरखडे तसेच सोडलेले. लोखंड नाही, वेळ नाही, कुशल हात नाहीत, वरून बॉम्ब पडताहेत, हे सगळं त्या ओरखड्यांत आहे. ते घासून गुळगुळीत करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं, आपण बंदूक सुधारली. आजीच्या तांब्यावर हातानं ठोकलेलं नाव बफ लावून उडवावं, तसलं हे काम.

मग काहीच करायचं नाही का? गंज चढत असेल तर तो थांबवायलाच हवा. मऊ फडकं, हलकं तेल, आणि धीर. हरवलेला स्क्रू मिळाला तर बसवावा. त्यात वाईट काही नाही, तो परत काढता येतो. जे परत काढता येत नाही, त्याला हात लावू नये.

मला खरं अडतं ते एका वेगळ्या जातीपाशी. परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी टाइप ३८ आणल्या. त्या रायफलींची साडेसहा मिलिमीटरची काडतुसं तिथे सहजी मिळेनात, तेव्हा गावच्या गनस्मिथकडून चेंबर बदलून घेतलं, दस्ता कापला, दुर्बीण बसवली आणि हरणाच्या शिकारीला निघाले. माझे बरेच मित्र अशी कापलेली रायफल दिसली की जुना दस्ता शोधून ती पूर्वीसारखी करायला धावतात. आधी मीही धावायचो. आता नाही. युद्धाहून आलेल्या माणसानं १९४८ च्या सुमारास स्वतःसाठी कापून घेतलेला दस्ता मला त्या घासलेल्या फुलाइतकाच खरा वाटतो. त्यानं ती बंदूक वापरली, तिच्याबरोबर म्हातारा झाला. मात्र तेच काम कुणी आज, न कापलेल्या दस्त्याची शाबूत रायफल घेऊन करत असेल, तर त्याला मी हात जोडून थांबवेन. त्या वेळी अशा रायफली ढिगानं होत्या, आज नाहीत. दोन्हींच्या मधली, सत्तरच्या दशकात कापलेली एखादी समोर आली तर काय? अशी एक माझ्याकडे चार वर्षं पडून आहे आणि माझा निर्णय होत नाही.

पत्रलेखकांना एक विनंती. फुलाच्या जागेचा फोटो पाठवलात, आता रिसीव्हरच्या डाव्या बाजूचा पाठवा. तिथे आकडा असेल. त्याच्या एका टोकाला बहुधा वर्तुळात एक जपानी अक्षर, ते मालिकेचं. दुसऱ्या टोकाला कारखान्याचं चिन्ह. टाइप ९९ कोकुरा आणि नागोयाच्या शस्त्रागारांत जशा झाल्या, तशा हिरोशिमाच्या तोयो कोग्योतही झाल्या, माझदा गाड्या काढणाऱ्या त्याच कंपनीत. आणि शेजारच्या आजींना एकदा विचारा, त्यांचे पती युद्धाहून कुठल्या बंदरातून, कधी परतले. त्या सांगतील ते तारखेसह लिहून घ्या आणि कागद बंदुकीबरोबर ठेवा.

पुढच्या रविवारी आकडे, नक्की.