मातीची धरणं (भाग 6) : वीज काढलेलं पाणी

सांडव्याचं बोलणं पुढच्या आठवड्यावर ढकलतो. अचलपूरच्या एका संत्रा बागायतदारांचं पत्र आलंय, ते आधी. त्यांच्या सोयऱ्यांचं शेत अंजनगाव सुर्जीकडं, शहानूरच्या कालव्यावर. ते विचारतात, ‘‘धरनावर पान्यातली ईज काढून घेतल्यावर मंग त्या पान्यात रायते काय? पिकाले कस भेटते का?’’ कालव्याकाठी हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकलाय. त्याला नीट उत्तर मिळायलाच हवं.

शहानूर हे मातीचं धरण आणि त्याला जोडून 0.75 मेगावॉटचं छोटं वीजघर. टर्बाइन पाण्यातून कोणताही पदार्थ काढून घेत नाही. ते घेतं फक्त पाण्याच्या पडण्यातला जोर. हिशेबासाठी 40 मीटरची उंची धरू. तेवढ्यावरून उतरणारं हजार लिटर पाणी, यंत्रातली तूट वजा जाता, साधारण एक दशांश युनिट वीज देतं. म्हणजे एका युनिटला मोठा टँकरभर पाणी लागतं! कोयनेचं पाणी पोफळीला साडेचारशे मीटरहून जास्त उतरतं, म्हणून तिथं तेवढंच पाणी दहापटीहून अधिक वीज देतं. पाणी तेच, उंची वेगळी.

आता टर्बाइन नसतं तर हा जोर पिकाला मिळाला असता का? मुळीच नाही. धरणाच्या पोटातून सुटलेलं पाणी तळाशी इतक्या वेगानं येतं, की मोकळं सोडलं तर ते धरणाचा पायथाच उकरून काढील, आणि मातीच्या धरणाला ही मोठी भीती असते. म्हणून खाली काँक्रीटचा हौद बांधून पाण्याला आपटू देतात, घुसळू देतात आणि शांत झाल्यावर कालव्यात जाऊ देतात. त्या घुसळणीत सगळा जोर उष्णतेत जातो. 40 मीटरच्या पडण्यानं पाणी तापतं किती? अंशाचा दहावा भाग. जो जोर असा मुद्दाम मोडून टाकावा लागतो, त्यातूनच वीजघर आपला वाटा उचलतं.

तरीही या प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे. पाण्याचा कस धरणात खरोखरच कमी होतो, पण तो घेणारं टर्बाइन नव्हे, जलाशय. मेळघाटच्या उतारांवरून पुराबरोबर आलेली सुपीक माती संथ पाण्यात तळाला बसते आणि कालव्यात निवळ पाणी जातं. जगातलं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे इजिप्तचं आस्वान धरण. तेही दगडमातीचंच, 2,100 मेगावॉट विजेचं, 1970 साली पुरं झालेलं. त्यानंतर नाईलचा गाळ शेतांवर येणं थांबलं आणि तिथल्या शेतकऱ्याला रासायनिक खतांवर अधिक विसंबावं लागलं.

आपल्याकडं 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. तलावाची जागा मोकळी होते आणि अडकलेला कस वावरात परत जातो. तेव्हा बागायतदारांना माझं सांगणं एवढंच : टर्बाइनवरचा संशय सोडा आणि जवळच्या तलावाच्या गाळाची चौकशी करा. मात्र संत्र्याच्या बुडाशी चिकट गाळाचा जाड थर देऊ नका, मुळं गुदमरतात. आधी मातीची तपासणी करून घ्या.

सांडवा पुढच्या आठवड्यात, नक्की. मातीच्या धरणावरून पाणी का वाहू द्यायचं नसतं, तिथून सुरुवात करू.