आहे माझ्याकडे, पण सापडत नाही!

जुनी पुस्तके घेण्याचा नाद असलेली माणसे एका वाक्यावरून हमखास ओळखता येतात. कुठल्याही पुस्तकाचा विषय निघाला, की ती म्हणतात, ‘आहे माझ्याकडे, फक्त कुठे ठेवलंय ते बघावं लागेल.’ हे बघणे सहसा कधी होत नाही. कपाट भरते, माळा भरतो, दिवाणाखालची जागा भरते, आणि घरातली मंडळी हात टेकतात. शेवटी नाइलाजाने तेच पुस्तक पुन्हा विकत घेतले जाते. मी याच जमातीतला असल्यामुळे हे जरा हक्काने लिहितो आहे.

या नादाला हसणे सोपे आहे. पण त्यामागे थोडा हिशेबही असतो. नवे पुस्तक आज घेतले नाही, तर पुढच्या महिन्यात मिळते. जुन्याचे तसे नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे साधारण हजार प्रती. त्यांतल्या काही वाळवीने खाल्ल्या, काही पुरात गेल्या, काही रद्दीत. अशा पुस्तकाची एक प्रत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावर समोर आली, तर ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याला ती पुन्हा दिसेलच असे नाही. शिवाय बाजारांचाही भरवसा नाही. मुंबईत हुतात्मा चौकातील पुस्तकविक्रेत्यांवर २००५ मध्ये पालिकेची कारवाई झाली आणि त्या पदपथाचे जुने वैभव ओसरले. दिल्लीच्या दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये पदपथावरून हलवावा लागला. म्हणून माणूस दिसेल ते उचलतो. घेण्याचे एवढे काही वाटत नाही. खरा प्रश्न घेतलेल्याचे पुढे काय होते, हा आहे.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण मला नेहमी आठवते. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. ती मायदेशी पाठवण्यासाठी एका परिचितावर सोपवली. पण त्यांतली थोडीच हाती आली. पुढे १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीत होती, ती महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली. त्या पुस्तकांच्या समासात त्यांनी काय लिहिले होते, हे आता कोणालाच कळणार नाही. उलट, त्यांच्या नंतरच्या संग्रहातील पुष्कळ ग्रंथ मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोचले. त्यांतल्या खुणांवरून आज अभ्यासक सांगू शकतात, की जॉन ड्यूई या आपल्या गुरूचे ग्रंथ बाबासाहेबांनी कसे वाचले, कुठे रेघ मारली, कुठे थांबले. हा फरक पुस्तकांच्या किमतीमुळे पडलेला नाही. एक संग्रह वाटेत हरवला, दुसऱ्याला ठावठिकाणा मिळाला, एवढेच.

आपल्यासारख्यांच्या घरातली पुस्तके टॉर्पेडोने बुडत नाहीत. ती तागडीत बुडतात. ओळखीतले एक निवृत्त शिक्षक गेले, तेव्हा त्यांच्या घरी मी हे जवळून पाहिले. दोन खोल्यांत छतापर्यंत पुस्तके. मुलगा परगावी नोकरीला, जागा महिनाअखेर सोडायची. मुलाला वडिलांच्या पुस्तकांची कदर नव्हती, असे मुळीच नाही. त्याने एका ग्रंथालयाला फोन केला. तिथून रास्तच उत्तर आले, ‘यादी पाठवा, आमच्याकडे नसलेली घेऊ.’ यादी नव्हती. कोणते पुस्तक दुर्मीळ आणि कोणते कुठेही मिळणारे, हे फक्त वडिलांना माहीत होते, आणि ते त्यांच्याबरोबर गेले. तिसऱ्या दिवशी रद्दीवाला आला. सुतळीने बांधलेले गठ्ठे जिना उतरताना मुलगा गॅलरीत पाठ करून उभा होता.

असे गठ्ठे गेले तरी कुठेतरी एक प्रत असेलच, असे आपण समजतो. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक केले, हे खरे. पण गावोगावच्या छोट्या प्रकाशकांनी, स्वखर्चाने कवितासंग्रह काढणाऱ्यांनी, ज्ञातींच्या इतिहासकारांनी त्या सगळ्या पाठवल्याच, असे नाही. शं. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची चिकाटीने तयार केली, म्हणून कितीतरी पुस्तके निदान नावाने तरी शिल्लक राहिली. दात्यांनी साऱ्या भाषेसाठी जे केले, ते आपण आपल्या दोन कपाटांपुरते करायला काय हरकत आहे?

त्यासाठी ग्रंथपालनाची पदविका लागत नाही. ग्रंथालयात दाखल नोंदवही असते, तशी एक साधी वही पुरते. अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, साल, आणि कोणत्या कपाटाचा कितवा कप्पा, एवढे पाच रकाने. तोच अनुक्रमांक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने घालावा, शाई नको. साल शकात असेल तर ७८ मिळवावेत. साल नसेल आणि किंमत आण्यांत असेल, तर पुस्तक बहुधा १९५७ पूर्वीचे, कारण त्या वर्षी दशमान नाणी आली. दुर्मीळ वाटेल त्यापुढे फुली करावी; घरच्यांना तेवढी खूण पुरते. हातातल्या मोबाइलने प्रत्येक कप्प्याचा फोटो काढून ठेवला, तर पदपथावर उभे असताना ‘हे घरी आहे का?’ याचे उत्तर तिथेच मिळते.

मी हे काम रविवारी सकाळी करतो; एका बैठकीत वीस पुस्तके. वेग कमी आहे, कारण मध्येच एखादे उघडून वाचत बसणे होते. कोणाच्या तरी मुंजीत मिळालेले, ‘सप्रेम भेट’ लिहिलेले पुस्तक निघते, कोणाची परीक्षेची टिपणे निघतात. या वस्तू एका घरातून निघून आपल्या घरी आल्या आहेत, आणि एक दिवस इथूनही निघणार आहेत. त्या दिवशी आपण सांगायला नसू. वही असेल. घरात नोंदणी नसलेली पुस्तके असतील, तर आजचा रविवार तसा बराच शिल्लक आहे. पहिली वीस जेवणाआधी होतात.