नरडाण्याहून सातव्या डेकवर

क्रूझ करून आलेल्या माणसाला प्रवासाबद्दल विचारलं की समुद्र, जेवण आणि रात्रीचे शो तो पाच मिनिटांत उरकतो. मग हमखास एका माणसाचं नाव निघतं. तो असतो त्यांची खोली आवरणारा. बोटीवर त्याला केबिन स्टुअर्ड म्हणतात, काही कंपन्या स्टेटरूम अटेंडंट म्हणतात. हजारो अनोळखी माणसांच्या गर्दीत नावानं हाक मारणारा आणि चौथ्या दिवशी न सांगता जादा उशी आणून ठेवणारा तोच. परत आलेली मंडळी त्याचा फोटो फोनमध्ये जपून ठेवतात. पुढच्या वेळी त्याच बोटीवर जाऊ तेव्हा तो भेटेल का, अशी चौकशीही करतात.

दिवाळी अंकासाठी क्रूझवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ होती. १९९० सालची ही बोट आधी रॉयल कॅरिबियनकडे होती आणि २०२१पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या सफरी करू लागली. बोटीची माहिती कुठेही मिळते. मला खोली आवरणारा माणूस गाठायचा होता. तो सापडला धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाण्याला.

आग्रा रोडवर सोनगीर सोडलं की शिरपूरच्या अलीकडे नरडाणा लागतं. एमआयडीसी आहे, सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन आहे, धुळ्याहून इथवर येणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचं भूमिपूजन २०१९मध्ये झालं. शिवारात कापूस आणि दादर ज्वारी. मोठं पाणी म्हणाल तर तापी. इथून गाडी पकडून थेट सुरतेला उतरलं तरी समुद्र दिसत नाही. अशा गावातला तिशीचा एक मुलगा वर्षातले आठ-नऊ महिने जहाजाच्या सातव्या डेकवर काढतो. दोन काँट्रॅक्टच्या मधल्या सुट्टीवर तो घरी आला होता. पुन्हा त्याच कंपनीत जायचं असल्यामुळे नाव नको म्हणाला, ते रास्तच आहे.

नाशिकला हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, मग मुंबईत एका हॉटेलात हाउसकीपिंग, आणि तिथल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून शिपवर. त्याच्या आईला हे सगळं अजून नीटसं पटलेलं नाही. चहा ठेवता ठेवता तिनं माझ्यासमोरच त्याला विचारलं, “तठे काय खास रे भाऊ?” म्हणजे, तिथे काय खातोस? फोनवर रोज हाच प्रश्न असतो, असं तो म्हणाला. क्रू मेसमध्ये वरण-भात मिळतो, हे उत्तरही रोजचंच. तरी दर खेपेला बॅगेत बिबड्यांची पिशवी जातेच.

टॉवेलच्या हत्तीचा विषय मीच काढला. क्रूझच्या प्रत्येक फोटोत तो असतो. रात्री जेवून खोलीवर यावं तर पलंगावर टॉवेलचा हत्ती, माकड नाहीतर बदक बसलेलं. कार्निव्हल कंपनीनं तर या प्राण्यांचं पुस्तकच काढलं आहे. मुलानं दोरीवरचे दोन टॉवेल ओढले आणि ओसरीतल्या खाटेवर काम सुरू केलं. मोठ्या टॉवेलच्या दोन्ही आखूड बाजू त्यानं घट्ट गुंडाळत मध्यापर्यंत आणल्या. दोन वळकट्या एकमेकींना भिडल्या, तेव्हा सगळं मधोमध दुमडून उभं केलं आणि चार पाय तयार झाले. छोट्या टॉवेलची दोन टोकं तिरकी गुंडाळून निमुळती सोंड केली, वरचं कापड मागे ओढून कान काढले आणि डोकं पाठीवर ठेवलं.

हत्ती क्षणभर उभा राहिला आणि पुढच्या गुडघ्यांवर बसला.

मुलगा हसला नाही. त्यानं हत्ती पूर्ण सोडला आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतलं. कापड धुऊन धुऊन विरलंय, बोटीवरचे टॉवेल जाडजूड असतात, असं मी म्हणालो. ते खरं, पण कारण दुसरं, असं त्याचं म्हणणं. गुंडाळीची पहिली दोन वळणं सैल राहिली की वरून कितीही आवळा, पोटात पोकळी राहते आणि ती शेवटी पायात उतरते. चूक होते सुरुवातीला आणि दिसते हत्ती उभा केल्यावर. दुसऱ्या खेपेला त्यानं पहिली वळणं दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरत घेतली. त्याच विरलेल्या टॉवेलचा हत्ती उभा राहिला आणि मी निघेपर्यंत उभाच होता. बोटीवर एका हत्तीला मिनिटभरही मिळत नाही, आणि एका रात्रीत सगळ्या सेक्शनचे, म्हणजे त्याच्या वाट्याच्या सगळ्या केबिनींचे, प्राणी करायचे असतात.

खरं कसब मात्र हत्तीत नाही, असं तोच म्हणाला. ते आहे बघण्यात. प्रवासी चढायच्या आत त्याला आपल्या सेक्शनची यादी मिळते, त्यात केबिन नंबर आणि नावं असतात. पहिल्या संध्याकाळी तो दारोदार जाऊन ओळख करून देतो आणि चेहरा नंबराशी बांधून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी केबिन आवरताना तो खोली वाचतो. पलंगाच्या कोणत्या बाजूला खळगा पडलाय, चार्जर कुठे लावलाय, दोन उशा जमिनीवर फेकल्यात की एकावर एक रचल्यात, औषधांच्या बाटल्या किती, बाथरूममध्ये आधाराच्या दांडीवर टॉवेल वाळत घातलाय की दांडी मोकळी ठेवलीय. कोण नाश्त्याला किती वाजता बाहेर पडतं, याचं वेळापत्रक तिसऱ्या दिवसापर्यंत डोक्यात पक्कं होतं. पाहुणे खोलीबाहेर असतात तेवढ्यातच सगळं उरकायचं, म्हणजे काम करणारा दिसत नाही, काम झालेलं तेवढं दिसतं.

एकदा त्याच्या सेक्शनमध्ये हात थरथरणारे एक म्हातारे गृहस्थ होते, एकटेच. पाण्याच्या बाटलीचं सील त्यांच्याकडून उघडत नाही, हे कचऱ्यात एकही रिकामी बाटली नसल्यावरून याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून तो सील तोडून, झाकण नुसतं टेकवून बाटली ठेवू लागला. खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवली, म्हणजे उठताना रेटा दिला तरी ती सरकणार नाही. समुद्र खवळला त्या रात्री त्यानं लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारलं. गादीला भिंतीकडे उतार आला आणि म्हातारबुवा पलंगावरून लोळायचे वाचले. ही खलाशांची जुनी युक्ती त्याला एका गोव्याच्या सुपरवायझरनं शिकवली होती. यातलं काहीही त्या गृहस्थांनी मागितलं नव्हतं. मला ही सेवा फार मोठी वाटते. मागितलेलं देणं कुणालाही जमतं. न मागता ओळखणं, आणि आपण ओळखलं हे समोरच्याला जाणवू न देणं, यासाठी फार लक्ष लागतं आणि माणसाबद्दल मनापासून आस्था लागते.

गोव्याच्या सुपरवायझरचा उल्लेख सहज आला, पण या धंद्याचा इतिहास तिथूनच सुरू होतो. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या आगबोटींवर कामांची वाटणी प्रांतवार असे. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरात किनाऱ्यावरचे खलाशी, इंजिनच्या भट्ट्यांशी पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि सलून, स्वयंपाकघर व केबिनींत गोव्याचे लोक. गोव्यात बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात, आणि कितीतरी घरांत आजोबा, वडील, मुलगा अशा ओळीनं तारवट्यांच्या पिढ्या आहेत. त्यांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांत गावागणिक कूड उभे केले. कूड म्हणजे एकेका गावाची सामाईक खोली. भाडं जुजबी, भिंतीला आल्तार, संध्याकाळी रोझरी आणि कडेनं प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक. बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं. कोणती कंपनी बरी, कोणता दलाल लुच्चा, कोणत्या कॅप्टनपासून जपून राहावं, ही माहिती फुकट मिळायची. पुढे गोवा सरकारनं निवृत्त तारवट्यांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी पेन्शनही सुरू केली. नरडाण्याच्या मुलामागे असा कूड नाही. तो तालुक्यात एकटाच आहे की आणखी कुणी आहे, हेही त्याला ठाऊक नाही. माझी काळजी इथून सुरू होते.

आधी बोटीचा आवाका सांगतो. २०२४मध्ये निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे, वीस डेक, भरलं तर साडेसात हजारांवर प्रवासी आणि २,३५० कर्मचारी. अशा बोटींवर प्रवाशांच्या नजरेआड, खालच्या डेकवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रुंद बोळ असतो. त्याला कर्मचारी अमेरिकेतल्या हमरस्त्याच्या नावावरून ‘आय नाइन्टीफाइव्ह’ म्हणतात. धुणं, सामान, बर्फ, माणसं, सगळी वाहतूक तिथून. मुलगा म्हणाला, भाऊ, आपला आग्रा रोडच समजा, फक्त वर आभाळ नाही. सगळ्यात अवघड असतो टर्नअराउंडचा दिवस. जुने प्रवासी सकाळी उतरतात, नवे दुपारपासून चढू लागतात आणि मधल्या काही तासांत सेक्शनमधल्या पंधरा-वीस केबिनी मुळापासून बदलायच्या असतात. चादरी उतरवून लाँड्रीला, दोन पलंग जोडून एक किंवा एकाचे दोन, प्रत्येक गादीचा कोपरा उचलून चादर खोचायची. तिशीतच त्याच्या कमरेला पट्टा आला आहे. सुट्टीतही तो बांधूनच बसला होता.

कायदा आहे. २००६चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३पासून लागू झाला, भारतानं तो २०१५मध्ये स्वीकारला. कामाच्या तासांची मर्यादा धरली तर २४ तासांत १४च्या वर काम नाही आणि आठवड्यात ७२च्या वर नाही. विश्रांती मोजली तर दिवसाला किमान १० तास, तीही दोनच तुकड्यांत आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा. हे आकडे पुन्हा वाचा. आठवड्याची सुट्टी नसलेला माणूस महिनोन्महिने रोज दहा तास राबला, तरी तो कायद्यात बसतो. करारानुसार दर महिन्याची काही पगारी रजा जमा होते, पण ती घरी आल्यावर. कोविडनंतर काही मोठ्या कंपन्यांनी दिवसातून दोनदा आवरण्याऐवजी एकदाच आवरायचं ठरवलं. ऐकायला बरं वाटतं, पण त्याबरोबर प्रत्येकाच्या वाट्याच्या केबिनी वाढल्या.

पैशाचं गणितही तितकंसं सरळ नाही. अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिप बिलातच लागते आणि ती स्टुअर्ड, वेटर व इतरांत वाटली जाते. बहुतेक ठिकाणी प्रवाशाला ती काउंटरवर जाऊन काढूनही टाकता येते. शेवटी प्रवासी भरून देतात तो अभिप्रायाचा फॉर्म. त्यात स्टुअर्डचं नाव आलं की नाही, यावर बढतीच्या गप्पा अवलंबून. म्हणजे आपुलकीचेही गुण लागतात. सील तोडलेली बाटली फॉर्मवर कधीच येत नाही, हत्ती मात्र हटकून येतो. हे मला फार लागलं. त्याला विचारलं तर तो म्हणाला की म्हणूनच हत्ती नीट करायचा.

आणि संकट आलं की हाच माणूस पुढे असतो. बोट सोडायची वेळ आली तर आपल्या सेक्शनची प्रत्येक केबिन उघडून, कुणी मागे राहिलं नाही ना हे बघून दारावर खूण करायची, हे स्टुअर्डच्या कामात येतं. २०१२च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्यातला सगळ्यात शेवटी सापडलेला माणूस मुंबईजवळच्या नायगावचा एक वेटर होता. त्याचे अवशेष २०१४च्या नोव्हेंबरमध्ये बोट तोडताना मिळाले. २०२०च्या फेब्रुवारीत योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं होती आणि सातशेहून अधिक जणांना कोविड झाला. प्रवासी खोल्यांत बंद होते, पण कर्मचारी दोघा-दोघांच्या खोल्यांत राहून दारोदार जेवण पोचवत होते. त्यांत शंभरावर भारतीय होते. त्याच वर्षी मुंबईबाहेर थांबलेल्या ‘मारेला डिस्कव्हरी’वरच्या सुमारे दीडशे भारतीयांना स्वतःच्या देशात पाऊल ठेवायला २३ एप्रिलपर्यंत वाट पाहावी लागली. नरडाण्याचा मुलगा तेव्हा दुसऱ्या एका बोटीवर होता. आईला त्यानं त्यातलं काहीच सांगितलेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात शेजारचे नाना आले. त्यांच्या मुलाला शिपवर नोकरी लागली होती आणि व्हॉट्सअॅपवर पत्रही आलं होतं. स्टुअर्ड मुलानं नानांचा फोन हातात घेतला आणि पत्र दोनदा वाचलं. वर जहाजाचं रंगीत चित्र, खाली गोल शिक्का, पगार डॉलरमध्ये. त्यानं नानांना विचारायला सुरुवात केली. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढलंय का? सेफ्टीचे कोर्स कुठे केले? भरती करणाऱ्या कंपनीला जहाजरानी महासंचालनालयाचा परवाना असतो, आरपीएसएल म्हणतात त्याला, तो नंबर पत्रात कुठे आहे? नानांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नोकरी लावून देणाऱ्या नाशिकच्या एका माणसानं सांगितलं होतं की ते सगळं तोच करून देईल, साडेतीन लाखांत, त्यातले पन्नास हजार सोमवारपर्यंत.

नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला सागरी कामगार करारानंच बंदी आहे, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सीडीसी असे मोजके खर्च सोडून. हे मुलानं नानांना अहिराणीतून समजावलं, मग महासंचालनालयाच्या वेबसाइटवरची परवानाधारकांची यादी उघडून दाखवली. पत्रातलं नाव तिच्यात नव्हतं. नाना बराच वेळ यादी वरखाली सरकवत राहिले. पन्नासातले वीस हजार आधीच गेले होते. सोमवारी बाकीचे नेऊन देऊ नका, आलेला प्रत्येक मेसेज जपून ठेवा, आणि धुळ्याला सायबर पोलिसांकडे मी तुमच्याबरोबर येतो, असं तो म्हणाला. नानांच्या मुलाला आधी कोणते कोर्स करावे लागतील आणि त्यांची रीतसर फी किती, ते त्यानं एका कागदावर लिहून दिलं आणि खाली स्वतःचा फोन नंबर घातला.