खाक्या, कबुली आणि गप्प बसण्याचा हक्क

'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' पेपरात हे वाक्य आलं की खटला तिथेच संपला असं वाटतं. पण कोर्टात त्या कबुलीला कवडीची किंमत नाही! पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, आणि हा नियम थेट १८७२ चा, इंग्रजांनी केलेल्या पुरावा कायद्यातला. आपल्याच पोलिसांवरचा एवढा अविश्वास सरकारने कायद्यात लिहून ठेवावा, याचं मला आजही नवल वाटतं. जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्यातही कलम २३ मध्ये हा नियम टिकून आहे.

अपवाद आहेत. आरोपी म्हणाला, 'सुरा विहिरीत टाकलाय', आणि सुरा तिथे सापडला, तर बोलण्यातला त्या शोधाशी जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरतात. दुसरा अपवाद आपल्या महाराष्ट्राचा : १९९९ च्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने रीतसर नोंदवलेला कबुलीजबाब चालतो.

गप्प बसण्याचा हक्क येतो राज्यघटनेतून, पण तिच्या कलम २०(३) मध्ये 'मौन' हा शब्दच नाही. आरोप असलेल्या माणसाला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही, एवढंच ते सांगतं. पण हे एक वाक्य भलतंच चिवट आहे. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणी लागली तरी कलम २० आणि २१ चं संरक्षण काढून घेता येत नाही.

त्याच वर्षी या वाक्याला धार आली, तीही एका माजी मुख्यमंत्र्यांमुळे. ओडिशाच्या नंदिनी सत्पथींना पोलिसांनी चौकशीला बोलावून लेखी प्रश्नांची लांबलचक यादी पुढे ठेवली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, म्हणून त्यांच्यावरच खटला गुदरला! सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला : हा हक्क कोर्टाच्या पिंजऱ्यापुरता नाही, तो पोलीस चौकशीपासूनच लागू होतो, आणि सक्ती म्हणजे फक्त मारहाण नव्हे, मनावरचं दडपणही सक्तीच. 'कर नाही त्याला डर कशाला' म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. बंद खोलीत तासन्‌तास प्रश्न झेलताना निर्दोष माणसाचीही जीभ घसरते.

तोंड बंद ठेवता येतं, बोटं नाही. १९६१ मध्ये तब्बल अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे साक्ष द्यायला लावणं नव्हे. खटल्याच्या नावात 'मुंबई राज्य' आहे. निकाल लागला तेव्हा ते राज्य फुटून वर्ष उलटलं होतं! २०१९ मध्ये आवाजाचा नमुनाही त्याच रांगेत बसला. म्हणजे आवाज द्यावा लागतो, माहिती नाही. नार्को, ब्रेन मॅपिंग, लाय डिटेक्टर मात्र संमतीशिवाय करायचे नाहीत, असं २०१० च्या सेल्वी निकालाने बजावलं.

नाव-पत्ता लपवणं हे मौन नव्हे. अदखलपात्र गुन्ह्यातही त्यापायी अटक होऊ शकते.

सिनेमातला तो अमेरिकन पोलीस बेड्या घालताना 'तुला गप्प राहण्याचा अधिकार आहे' म्हणतो, तो १९६६ च्या मिरांडा निकालामुळे. आपल्या पोलिसांवर तसं म्हणून दाखवण्याचं बंधन नाही. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला दहशतवादी कसाब याच्या अपिलात हा मुद्दा निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं, की आपल्या कायद्यांत हे संरक्षण आधीपासूनच आहे. त्याच खटल्यात, फेब्रुवारी २००९ मध्ये, मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांनी कसाबलाही समजावलं होतं, की कबुली देणं बंधनकारक नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला वेळ दिला, पुन्हा दिला. तरी तो बोलला. कायदा असा, की कबुली नोंदवण्याआधी 'नाही बोलायचं' म्हणणाऱ्याला दंडाधिकारी पोलीस कोठडीत परत धाडू शकत नाहीत.