प्रकाशाची वाट

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेजवळील रस्त्याच्या कडेने मजूर चर खणीत होते व त्या चरात नारिंगी रंगाची एक लांबच लांब नळी पुरीत होते. मधल्या सुटीत मुले तेथे जमली. आठवीतील एका विद्यार्थ्याने परत येऊन आम्हांस विचारले, “गुरुजी, या नळीत तांब्याची तार नाही, काच आहे असे म्हणतात. काचेतून बोलणे कसे हो जाते?”

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आमची मातृभाषा कोकणी, शिकविणे मराठीतून आणि वास्तव्य पैनगंगेच्या दक्षिणेस, तेलुगू मुलखात. तेव्हा बोलणे एका ठिकाणाहून दुसरीकडे कसे पोहोचते, हा प्रश्न आमच्याही जिव्हाळ्याचा. परंतु त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढे विज्ञानशिक्षकांपाशी बसून जे उमगले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आवाज असो, चित्र असो वा पत्र असो, यंत्र त्याचे रूपांतर केवळ दोन खुणांत करते : शून्य आणि एक. डोंगरावर दिवा लावून व झाकून दूरच्या गावाला इशारा द्यावा, तसाच हा प्रकार होय. भेद इतकाच की, येथे दिवा एका सेकंदात अब्जावधी वेळा उघडझाप करतो. असा चपळ व शिस्तीचा दिवा म्हणजेच लेसर.

साध्या दिव्याचा प्रकाश केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेतील गर्दीसारखा असतो. रंग नाना, दिशा नाना, चाल ज्याची त्याची. लेसरचा प्रकाश शाळेच्या कवायतीसारखा असतो. गणवेश एक, दिशा एक आणि पाऊलही एका तालावर. ही शिस्त येते कोठून? अणूला ऊर्जा दिली म्हणजे तो उद्दीपित होतो. नेमक्या तितक्याच ऊर्जेचा प्रकाशकण त्याच्याजवळून गेला, की तो अणू हुबेहूब तसाच दुसरा कण सोडतो. एकाचे दोन होतात, दोहोंचे चार. दोन्ही टोकांना आरसे ठेवले, की हे कण पुन्हा पुन्हा मागे-पुढे जाऊन वाढत राहतात आणि एका आरशातून थोडे थोडे बाहेर पडतात. या क्रियेची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडली होती. माणिकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रत्यक्षात आणला तो थिओडोर मायमन यांनी, १९६० साली.

दिवा मिळाला, आता वाट हवी. प्रकाश तर सरळ जातो आणि आपला रस्ता पडला वळणावळणाचा! यासाठी आम्ही वर्गात एक प्रयोग केला. पाण्याने भरलेल्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ एक छिद्र पाडले, खोलीत अंधार केला आणि पलीकडून छिद्राच्या रोखाने विजेरी धरली. पाण्याची धार वाकून बादलीत पडू लागली आणि प्रकाश धारेबरोबर वाकून बादलीत उतरला! एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, प्रकाश वाकला.” वस्तुतः तो वाकला नव्हता. धारेच्या आतल्या बाजूवर तो तिरपा आदळत होता आणि दर वेळी आतच परत फिरत होता. यालाच संपूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. जिनिव्हाच्या कोलादाँ यांनी १८४० च्या सुमारास अशाच धारेचा चमत्कार लोकांना दाखविला होता.

काचतंतूत पाण्याच्या जागी अतिशुद्ध काच असते व तिच्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे वेष्टन. दोहोंची मिळून जाडी एक अष्टमांश मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ केसाएवढी. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी १९५० नंतरच्या दशकात अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखविले. तथापि प्रकाश थोड्याच अंतरात विरून जाई. आमच्याही प्रयोगात पहिले छिद्र ओबडधोबड पडले, धार फाटली आणि प्रकाश वाटेतच सांडला. दोष प्रकाशाचा नसून वाटेचा होता! चार्ल्स काव यांनी १९६६ साली हेच दाखवून दिले की, दोष काचेतील मळाचा आहे. काच शुद्ध करा, प्रकाश दूर जाईल. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक लाभले. आजच्या उत्तम तंतूत १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश उरतो. आपल्या देशात पुणे येथे १९७९ साली टेलिफोन केंद्रांना जोडणारा पहिला काचतंतू कार्यान्वित झाला. एक सूचना मात्र करतो : तंतूतील प्रकाश अवरक्त असल्यामुळे दिसत नाही, परंतु डोळ्यांस अपाय करू शकतो. तुटलेल्या तंतूच्या टोकात कोणीही डोकावू नये.

जेथे चर खणता येत नाही, तेथे काय करावे? त्याचे उत्तर आकाशात आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी स्थिर भासतो. तेथवर रेडिओलहरी पाठवावी, त्याने ती सबळ करून खाली सोडावी. या जाण्यायेण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. काचतंतूतून हैदराबादपर्यंतचे सुमारे ३०० किलोमीटर प्रकाश सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आतच कापतो.

१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर भारताने अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या गावोगाव उभ्या राहिल्या. सकाळी मुलांसाठी पाठ, संध्याकाळी थोरांसाठी शेती व आरोग्य. तत्कालीन आंध्र प्रदेशही त्या सहांत होता. कार्यक्रम हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांत होत, मराठीत नव्हते.

ही गोष्ट आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. २०२० साली साथीमुळे शाळा बंद होत्या, तेव्हा आम्ही एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. पडद्यावर गणिताचा पाठ चालू होता. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. परंतु पाठ तेलुगूतून होता. मुलाला बाजारातील तेलुगू येत होती, भूमितीतील नव्हे. त्याची थोरली बहीण शेजारी बसून एकेक शब्द मराठीत वहीत उतरवून देत होती. छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला पाठ त्या घरातील शेवटच्या दोन हातांवर अडला होता आणि ते अंतर त्या बहिणीने पार केले.

विद्यार्थी मित्रहो, तो चर आता बुजला आहे व त्यावर गवत उगवले आहे. खालून प्रकाश धावतो आहे. त्याला भाषा नसते. त्याच्या टोकाशी कोणत्या भाषेतील ज्ञान ठेवावयाचे, हे माणसाने ठरवावयाचे असते. तेलुगू मन लावून शिका, कारण ती या भूमीची भाषा आहे. आणि जे शिकाल ते मराठीतून नीट मांडावयासही शिका, म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्या भावंडांना कोणाची तरी वही मिळेल.